मास्क नको म्हणणाऱ्यांना काय म्हणायचं होतं?

आज आपण मास्कबद्दल बोलणार आहोत.

तुम्ही म्हणाल, करोना गेला, मास्क गेला, आता हा विषय कशाला? विषय मास्कचा आहेच, पण त्याहून जास्त तो माणसांचा आहे. करोनाच्या काळात आपल्या गावागावांत एक गोष्ट सगळ्यांनी पाहिली. मास्क असायचा, पण हनुवटीवर. नाहीतर शर्टाच्या खिशात, मोटरसायकलच्या हँडलला, नाहीतर खुंटीला. लांबून पोलिसांची गाडी दिसली की तो नाकावर चढायचा आणि गाडी वळली की खाली यायचा. रोगासाठी मास्क घालणारे थोडे होते. दंडासाठी घालणारेच जास्त.

असं का झालं? माणसं अडाणी होती म्हणून? हे उत्तर फार सोपं आहे आणि ते खरं नाही. जगात जिथं जिथं मास्कची सक्ती झाली तिथं तिथं शिकलेल्या, शहरातल्या, पैसेवाल्या माणसांनीसुद्धा विरोध केला. विरोधामागे कारणं असतात. ती कारणं ऐकून घेतली तर माणूस वळतो. नुसता दंड केला तर तो फक्त लपवायला शिकतो. आजच्या बोलण्याचं सार एवढंच आहे. आता ते जरा उलगडून बघू.

मास्क करतो काय?

आधी हे स्पष्ट करून घेऊ. आपण बोलतो, खोकतो, शिंकतो, हसतो, भजनात मोठ्यानं गातो, तेव्हा तोंडातून बारीक बारीक थेंब बाहेर पडतात. काही थेंब मोठे असतात. ते पुढे जाऊन खाली पडतात. काही इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. थंडीत सकाळी तोंडातून वाफ निघते ना, तसे ते हवेत तरंगत राहतात. बंद खोलीत जास्त वेळ तरंगतात. रोग्याच्या या थेंबांतून रोगाचे जंतू दुसऱ्याच्या नाकातोंडात जातात.

मास्क दोन कामं करतो. आपल्या तोंडातून निघणारे थेंब बरेचसे अडवतो आणि दुसऱ्याकडून येणारे काही थेंब अडवतो. पहिलं काम तो जास्त चांगलं करतो. म्हणजे मी मास्क घातला तर माझ्यापेक्षा समोरच्या बाईचा बचाव जास्त होतो. सगळा गोंधळ इथंच आहे. ऊन लागलं की डोक्यावर पदर घेतो, काटा लागू नये म्हणून चप्पल घालतो. त्यात आपलाच फायदा असतो. मास्कमध्ये मात्र त्रास माझा आणि फायदा बराचसा दुसऱ्याचा. दुसऱ्यानंही घातला तर माझाही फायदा. म्हणून ही एकट्याची गोष्ट नाही, गावाची गोष्ट आहे. आणि गावाची गोष्ट विश्वासावर चालते.

आता हा विश्वास कसा तुटतो आणि कसा जुळतो, याच्या काही खऱ्या हकिगती सांगते. पहिली आपल्याच पुण्याची आहे. त्या वेळी आपल्याकडे मास्क नव्हता, पण विरोध कसा उभा राहतो ते तिच्यातून नीट कळतं.

पुण्यातला प्लेग

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९७ च्या सुरुवातीला तो पुण्यात पसरला. इंग्रज सरकारनं घाईनं एक कायदा केला, १८९७ चा साथरोग कायदा. लक्षात ठेवा, मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात करोनासाठी जो कायदा लावला तो हाच, सव्वाशे वर्षांपूर्वीचा.

पुण्यात रँड नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली प्लेगची मोहीम चालली. काम कोणाकडे दिलं? सैनिकांकडे. गोरे शिपाई घराघरांत शिरायचे, देवघरात शिरायचे, स्वयंपाकघरात शिरायचे. बायकांची तपासणी चारचौघांसमोर व्हायची. सामान बाहेर काढून जाळायचे. रोग्याला उचलून न्यायचे आणि घरच्यांना पत्ता लागायचा नाही. पुण्यातल्या प्लेगच्या दवाखान्यात बायकांचे जे हाल होत होते त्याविरुद्ध पंडिता रमाबाईंनीही जाहीर आवाज उठवला होता.

लोकांनी काय केलं? रोगी लपवले. मेलेलं माणूससुद्धा लपवलं. गाव सोडून पळाले आणि पळताना रोगही बरोबर नेला. शेवटी २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. ही हकिगत आपण शाळेत स्वातंत्र्याच्या इतिहासात शिकलो. ती साथीच्या इतिहासातही शिकण्यासारखी आहे. रोगी शोधणं, त्याला वेगळं ठेवणं, ही कामं साथीत करावी लागतात. पण ती ज्या रीतीनं केली त्या रीतीमुळे लोक रोगापेक्षा सरकारला जास्त भ्यायले.

त्याच वर्षी, त्याच पुण्याजवळ, दुसरं एक काम चाललं होतं. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर मुलगा यशवंत यांनी पुण्याबाहेर मोकळ्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई स्वतः रोग्यांना घेऊन यायच्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवरून आणलं असं सांगतात. त्या सेवेतच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

रोग एकच, काळ एकच. शिपाई दारात आला की माणूस रोगी लपवत होता. आणि सावित्रीबाईंच्या माळावर रोगी बरे व्हायच्या आशेनं येत होते. बायांनो, हा फरक मनात ठेवा. पुढच्या सगळ्या हकिगतींत तोच पुन्हा पुन्हा दिसेल.

डॉक्टरलाही पटेना

आता मास्ककडे येऊ. मास्क साथीत सगळ्यांच्या वापरात आला तो उत्तर चीनमध्ये, मांचुरिया नावाच्या भागात. १९१०-११ च्या हिवाळ्यात तिथं फुप्फुसाचा प्लेग आला. हा प्लेग पिसवांमुळे नाही, तर खोकल्यातून पसरत होता आणि झालेला माणूस जवळजवळ वाचतच नव्हता. त्या साथीत साधारण ६०,००० माणसं मेली.

तिथं वू लिएन-तेह नावाचा एक तरुण डॉक्टर पाठवला होता. वय अवघं एकतीस. त्यानं ओळखलं की हा रोग श्वासातून पसरतो. जाळीदार सुती कापड आणि मध्ये कापूस घालून त्यानं साधा, स्वस्त मास्क तयार केला आणि डॉक्टर, परिचारिका, मयत उचलणारे, सगळ्यांना तो बांधायला सांगितला.

पण मेस्नी नावाचा एक फ्रेंच डॉक्टर तिथं आला. तो वयानं आणि मानानं मोठा. या पोरसवदा चिनी डॉक्टरनं आपल्याला शिकवावं हे त्याला सहन झालं नाही. वूचा त्यानं अपमान केला आणि मास्क न बांधता रोगी तपासले. थोड्याच दिवसांत त्याला प्लेग झाला आणि तो मेला. त्यानंतर मास्क बांधणारे वाढले.

म्हणजे बघा, मास्कला विरोध करणारा हा माणूस शिकलेला डॉक्टर होता. त्याला आडवा आला तो मान. कोण सांगतंय यावर ऐकायचं की नाही ते ठरलं. आपल्या घरातसुद्धा असंच होतं ना? सुनेनं सांगितलं तर नाही, पण तीच गोष्ट मोठ्या डॉक्टरनं सांगितली तर हो.

सॅन फ्रान्सिस्कोची मास्कविरोधी सभा

तिसरी हकिगत अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहराची आहे. १९१८ साली जगभर एन्फ्लुएन्झाची साथ आली. आपल्याकडे जून १९१८ मध्ये ती मुंबई बंदरात उतरली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात देशभर पसरली. त्या वर्षी पाऊस नव्हता, धान्य महाग झालं होतं. एकट्या भारतात सव्वा कोटी ते दोन कोटी माणसं गेली असा अंदाज आहे. त्यात तरुण बायकांचं प्रमाण जास्त होतं. आजाऱ्याची सेवा त्यांच्याकडे आणि पोटाला मात्र सगळ्यांच्या शेवटी. हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तर तीच साथ सॅन फ्रान्सिस्कोत पोचली तेव्हा तिथल्या नगरपालिकेनं ऑक्टोबर १९१८ मध्ये सगळ्यांना मास्क सक्तीचा केला. पहिल्यांदा लोकांनी उत्साहानं घातला. रेडक्रॉसच्या बायकांनी मास्क शिवले आणि दहा सेंटला एक विकले. माणसांनी रांगा लावल्या. तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं. मास्क घालणं म्हणजे देशसेवा असं सांगितलं होतं, ते लोकांना पटलं.

मग सक्ती सुरू झाली. मास्क नसला की ५ डॉलरपासून दंड, नाहीतर तुरुंग. एकेका दिवशी शंभरावर माणसं पकडली जायला लागली. २८ ऑक्टोबरला एका लोहारानं मास्क घालायला नकार दिला. त्यातून आरोग्य खात्याच्या माणसाशी झटापट झाली आणि त्या माणसानं गोळी झाडली. लोहार जखमी झाला आणि बाजूला उभे असलेलेही जखमी झाले. विचार करा, जीव वाचवायला आणलेल्या कापडासाठी गोळी!

पुढचं तर आणखी बोलकं आहे. नोव्हेंबरात शहरात मुष्टियुद्धाचा सामना झाला. तिथं काढलेल्या फोटोत शहराचे महापौर स्वतः मास्कशिवाय बसलेले दिसले आणि ज्यानं मास्कची मोहीम चालवली तो आरोग्य अधिकारीसुद्धा. दोघांनाही दंड झाला. पण दंड भरला तरी गेलेली पत परत येते का? ज्यांनी नियम केला तेच तो पाळत नाहीत हे लोकांनी पाहिलं.

२१ नोव्हेंबरला दुपारी बारा वाजता भोंगे वाजले आणि मास्क काढायची परवानगी मिळाली. लोकांनी मास्क काढून रस्त्यावर फेकले. पण जानेवारी १९१९ मध्ये रोग परत वाढला आणि मास्कची सक्तीही परत आली. आता मात्र लोक ऐकेनात. त्यांनी चक्क मास्कविरोधी संघ काढला. २५ जानेवारीला त्यांची मोठी सभा झाली, सुमारे दोन हजार माणसं जमली. त्या संघाची अध्यक्ष एक बाई होती. वकील होती आणि बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून काम केलेली होती. म्हणजे विचार करणारी, हक्कासाठी लढणारी बाई.

त्या सभेतल्या लोकांचं म्हणणं काय होतं? एक, मास्कनं रोग थांबतो याचा पुरावा कुठं आहे? दोन, आमच्या शरीरावर काय घालायचं ते सरकारनं का ठरवावं? तीन, आमचा धंदा बसतो. चौथं कोणी उघड बोलत नसेल, पण मनात होतं: तुम्ही तरी कुठं घालता?

यातला पहिला प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. त्या वेळचे मास्क विरळ जाळीच्या कापडाचे होते. त्यातून बारीक थेंब सहज जायचे. लोक ते नीट घालायचे नाहीत, सिगारेट ओढायला भोक पाडायचे. पुढे कॅलिफोर्नियाच्याच आरोग्य खात्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की ही सक्ती अपेक्षेइतकी उपयोगी पडली नाही. लोकांना हे आधीच मोकळेपणानं सांगितलं असतं की "कापड दाट हवं, नाकावर नीट बसायला हवं, आणि तरीही हा पूर्ण बचाव नाही," तर कदाचित विश्वास टिकला असता. त्याऐवजी मास्क म्हणजे पक्की ढाल असा गाजावाजा केला. ढाल गळकी निघाली आणि लोकांनी ती फेकून दिली. १ फेब्रुवारी १९१९ ला सक्ती उठली. तोवर त्या शहरात तीन हजारांवर माणसं गेली होती.

आपल्या गावांत काय झालं?

आता आपल्याकडे या. ९ मार्च २०२० ला पुण्यात महाराष्ट्रातले पहिले करोना रुग्ण सापडले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. एप्रिलमध्ये मुंबई महापालिकेनं मास्क सक्तीचा केला, मग राज्यभर तेच झालं. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, महाराष्ट्रातली ही सक्ती उठली. म्हणजे दोन वर्षं. या दोन वर्षांत आपल्या माणसांनी मास्क का नाकारला? एकेक कारण घेऊ आणि त्याला खरं उत्तर काय होतं तेही बघू.

पहिलं कारण, "आधी नको म्हणाले, मग हवा म्हणाले." हे खरं आहे. सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटना म्हणत होती की निरोगी माणसानं मास्क घालायची गरज नाही. ५ जून २०२० ला तिनं सल्ला बदलला आणि गर्दीत सगळ्यांनी कापडी मास्क घालावा म्हणून सांगितलं. कारण तोवर कळलं होतं की खोकला-ताप नसलेल्या माणसाकडूनही रोग पसरतो. माहिती वाढली की सल्ला बदलतो. डॉक्टर एका औषधानं गुण आला नाही की दुसरं देतो, तसंच हे. पण हे कोणी नीट समजावून सांगितलं नाही. म्हणून लोकांना वाटलं, यांनाच काही माहीत नाही.

दुसरं कारण, "दम लागतो." हे बहाणा म्हणून उडवून लावू नका. डोक्यावर विटा वाहणारी, उसाची मोळी उचलणारी बाई घामानं भिजते. भिजलेल्या कापडातून हवा नीट जात नाही. तिला खरंच घुसमटतं. कोरड्या सुती मास्कमधून श्वास घेता येतो, त्यानं अंगातला प्राणवायू कमी होत नाही. पण ओला झाला की तो बदलायलाच हवा. आणि मोकळ्या रानात एकटीनं खुरपत असताना मास्कची गरज नव्हतीच. गरज होती ती मजुरांनी खचाखच भरलेल्या टेम्पोत, बंद खोलीतल्या बैठकीत, लग्नाच्या हॉलमध्ये, दवाखान्यात. कुठं हवा आणि कुठं नको हे सांगितलं असतं तर हवा तिथं तरी तो टिकला असता.

तिसरं कारण पैशाचं. घरात सहा माणसं. प्रत्येकाला दोन तरी मास्क, एक धुवायला आणि एक घालायला. म्हणजे बारा मास्क. हाताला काम नाही आणि मास्क विकत घ्यायचा. मग एकच मास्क महिना महिना, तोही एकाचा दुसऱ्यानं. वर दंड मुंबईत २०० रुपये, पुण्यात ५०० रुपये. मजुरीला जाणाऱ्या बाईचा एका दंडात सगळा दिवस गेला, कधी दोन दिवस. ज्याला मास्क परवडत नाही त्याच्याकडून दंड घेऊन रोग कसा थांबायचा?

चौथं कारण, "मोठे लोक कुठं घालतात?" प्रचाराच्या सभा झाल्या, मोठ्यांच्या घरची लग्नं झाली, सत्कार झाले. स्टेजवर मास्क हनुवटीला आणि खाली बसलेल्यांना दमदाटी. सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर आठवले ना? शंभर वर्षांनीही तीच गोष्ट.

पाचवं कारण लाजेचं. "हिनं मास्क घातलाय म्हणजे हिला झालाय," अशी कुजबुज. करोना झालेल्या घराला गावानं वाळीत टाकल्यासारखं केलं, दूधवाला दारात येईना, हे आपण पाहिलं. मग रोगाची खूण वाटणारी वस्तू कोण तोंडाला लावील? काही जण म्हणायचे, "बैलाला मळणीत मुसकं बांधतात तसं आम्हाला बांधायला निघालेत." या बोलण्यात राग मास्कचा नाही, अपमानाचा आहे.

सहावं कारण, "आमच्या गावात कुठं आहे रोग?" २०२० मध्ये पुष्कळ गावांत खरोखरच तो फारसा आला नव्हता. लोकांचा समज पक्का झाला की हा शहराचा रोग. मग २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत दुसरी लाट गावांत शिरली. तोवर लोक मास्कला कंटाळलेले होते. त्या लाटेत कोणाच्या घरातलं कोण गेलं ते मी सांगायला नको. प्रत्येक गावाला आपापली नावं माहीत आहेत. बाहेर फिरून येणारे बहुतेक तरुण होते. त्यांना थोडा ताप येऊन गेला. गेली ती त्यांच्या घरातली म्हातारी माणसं, साखरेचा आजार असलेली माणसं.

बघा, या सहा कारणांतल्या एकाचंही उत्तर दंड नव्हतं.

बांगलादेशातली ६०० गावं

मग उत्तर काय? त्याचा शोध बांगलादेशातल्या खेड्यांत झाला. नोव्हेंबर २०२० पासून पुढचे काही महिने ६०० गावांमध्ये, सुमारे ३ लाख ४२ हजार मोठ्या माणसांमध्ये हा अभ्यास चालला. तिथली खेडी आपल्यासारखीच. घरं दाट, माणसं कष्टकरी, चहाच्या टपरीवर गर्दी, आठवडी बाजार, शुक्रवारची नमाज.

गावांचे दोन भाग केले. निम्म्या गावांत वेगळं काही केलं नाही. बाकीच्या गावांत चार गोष्टी केल्या. घरोघरी जाऊन मास्क फुकट दिले. तो का घालायचा आणि कसा घालायचा ते दाखवून सांगितलं. बाजारात, मशिदीपाशी माणसं उभी केली. मास्क नसलेल्याला ती नम्रपणे आठवण करून द्यायची आणि जवळचा मास्क द्यायची. आणि चौथं, मशिदीचे इमाम आणि गावातली मानाची माणसं यांनी स्वतः मास्क घालून तो घालायला सांगितलं.

परिणाम काय झाला? काही न केलेल्या गावांत शंभरातली १३ माणसं नीट मास्क घालत होती. या गावांत ती ४२ झाली. तिपटीहून जास्त. दंड नाही, पोलीस नाहीत.

आणखी दोन गोष्टी कळल्या. मोबाईलवर संदेश पाठवून काही वाढ झाली नाही. गावाला बक्षीस देऊनही झाली नाही. माणसानं माणसाला समोर भेटून सांगण्यानं फरक पडला.

मग रोग कमी झाला का? झाला, पण बेतानं. लक्षणं असलेले आणि रक्ततपासणीत करोना झाल्याचं निघालेले लोक शंभराच्या जागी साधारण ९१ झाले. पण ज्या गावांत दवाखान्यातले निळे मास्क वाटले, तिथल्या ६० वर्षांवरच्या माणसांत फरक मोठा होता, शंभराच्या जागी साधारण ६५. आणि हे सगळं शंभरातल्या फक्त ४२ जणांनी मास्क घातला असताना. मास्क काही जादूचा ताईत नाही. पण त्यानं काही म्हातारी माणसं वाचतात. तेवढं कारण पुरेसं आहे.

आपला गट काय करू शकतो?

टाळेबंदीत आपल्या राज्यातल्या बचत गटांच्या बायकांनी घरच्या मशीनवर भरपूर मास्क शिवले. त्यातून चार पैसेही मिळाले, घर चाललं. म्हणजे मास्क बनवायचं काम आपण केलंच आहे. आता तो लोकांना पटवायचं कामही आपण करू शकतो, कारण घराघरांत आपलं जाणंयेणं आहे.

आणि त्यासाठी नव्या साथीची वाट बघायला नको. क्षयरोग, म्हणजे टीबी, आपल्या गावांत आजही आहे. फुप्फुसाचा टीबी हवेतूनच पसरतो. उपचाराचे पहिले काही आठवडे रोग्यानं घरात आणि गर्दीत मास्क लावला, खिडक्या उघड्या ठेवल्या, तर घरातली लहान मुलं वाचतात. पण तिथंही लाज आडवी येते. सून मास्क लावत नाही, कारण गावाला कळेल. मग पुढच्या काही गोष्टी उपयोगी पडतील.

आधी विचारा, मग सांगा. "का घालत नाहीस?" असं दटावून नको, "काय अडचण येते गं?" असं. दम लागत असेल तर सुती कापडाचा द्या. पैसे नसतील तर शिवून द्या. लाज वाटत असेल तर तिच्या सोबतीला चौघी जणी लावा. सगळ्याच लावतात म्हटल्यावर कुणा एकीकडे बोट दाखवता येत नाही.

मास्क दाट सुती कापडाचा, दोन-तीन पदरी, नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा हवा. दवाखान्यातला निळा मास्क मिळाला तर जास्त चांगला. साडीच्या झुळझुळीत पदराची एक घडी पुरत नाही. ओला झाला की बदला, रोज साबणानं धुऊन उन्हात वाळवा. निळा मास्क असेल तर तो ओला किंवा मळका झाला की टाकून द्या. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांवर सक्ती नको. तान्ह्या बाळाला तर कधीच नको. ज्याला श्वासाचा आजार आहे त्यानं डॉक्टरला विचारावं. आणि जी आजी ओठ बघून बोलणं समजते तिच्याशी बोलताना लांब मोकळ्या जागी उभं राहून मास्क खाली करा. नाहीतर ती घरातल्या घरात एकटी पडते.

खोटं आश्वासन देऊ नका. "मास्क लावला की काही होणार नाही" असं म्हटलं आणि झालं, तर पुढं कोणी ऐकणार नाही. "धोका कमी होतो" एवढंच म्हणा. ते खरं आहे आणि खरं टिकतं.

सरपंच, महाराज, शाळेचे गुरुजी, आशाताई यांना आधी भेटा. त्यांनी स्वतः घातला तरच सभेत बोलवा. घालणार नसतील तर त्यांचं भाषण नको.

आणि दंडाची मोहीम आलीच, तर ग्रामसभेत उठून विचारा, दंडाआधी फुकट मास्क वाटले का? दंडाचा पैसा कुठं जाणार? हे विचारणं म्हणजे मास्कला विरोध नाही. नियम नीट चालावा म्हणूनच हे विचारायचं.

पुढच्या बैठकीत तीन प्रश्नांवर बोला. करोनाच्या काळात आपल्या गावात मास्क कोणी घातला नाही आणि त्यांनी काय कारण सांगितलं? कोणाच्या सांगण्यावरून लोकांनी ऐकलं? आणि आज आपल्या वस्तीत खोकणारं कोणी आहे का, ज्याची थुंकी तपासायची राहिली आहे? शेवटच्या प्रश्नाला उत्तर "हो" असेल तर त्या घरी उद्याच दोघी जणी जा. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. जाताना दोन धुतलेले मास्क घेऊन जा, आणि आपलाही नाकावर असू द्या.